एका ईसीयूत दोन ट्यून आणि मधलं बटण

डिचोलीहून एका तरुण मित्राचा प्रश्न आला आहे. गाडी पोलो जीटी, १.२ लिटर टर्बो पेट्रोल, सात गिअरची डीएसजी, म्हणजे दोन क्लचची, गिअर आपोआप बदलणारी गिअरबॉक्स. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: रोज पणजीला कामावर जाताना गाडी मूळ ट्यूनवर, म्हणजे कारखान्याच्या सेटिंगवर चालावी, महिन्यातून एकदोनदा चोर्ला घाटाने बेळगावला जाताना जोर मिळावा, आणि धाकट्या भावाने चावी उचलली तर गाडी आवरती राहावी. हे एका बटणावर होईल का, ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, उघडावा लागेल का, आणि धोका कुठे आहे?

होतं. मी फोंड्यात गेली बावीस वर्षं हेच काम करतो, आधी चिपा बदलत होतो, आता फाइली बदलतो. बटणाचं काम अर्ध्या दिवसाचं आहे. त्या बटणाच्या मागे काय ठेवायचं हे ठरवायला आठवडे जातात, म्हणून उत्तर लांबणार आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: दोन ट्यूनच्या गाडीत जास्त विचार लहान ट्यूनवर करायचा असतो. मोठी ट्यून कोणीही भरून देतो. इंजिन तापलं, पेट्रोल वाईट मिळालं, गाडी दुसऱ्याच्या हातात गेली, की ज्या ट्यूनवर गाडी आपोआप येऊन थांबते ती खरी मेहनतीची.

त्याआधी कायद्याचं. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणीपुस्तकातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं, त्यात अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, असं मालकावर येतं. ताकद वाढवलेला मॅप (ईसीयूतला आकड्यांचा तक्ता) रोजच्या रस्त्यावर वापरणं तुम्हाला अडचणीत आणू शकतं, आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा हेच विचारेल. माझ्याकडची मोठ्या ट्यूनची कामं रॅली आणि ऑटोक्रॉसच्या गाड्यांची असतात. रस्त्यावरच्या गाडीचा कॅटॅलिस्ट, ईजीआर, डीपीएफ या धूर साफ ठेवणाऱ्या भागांतलं काहीही मी सॉफ्टवेअरमधून बंद करत नाही, कितीही पैसे दिले तरी. त्याचा धूर माझ्याच गावात राहतो.

आता बटण. हा प्रकार नवा नाही. जुन्या ईसीयूत मॅप वेगळ्या ईप्रॉम (मेमरीच्या) चिपेत असायचे. होंडाचा पी२८ हा ईसीयू घ्या. त्यात २८ पायांचं सॉकेट बसवून २७सी२५६ चिप लावायची, शेजारी ७४एचसी३७३ लॅच (पत्ता धरून ठेवणारी चिप), आणि जे१ हा जंपर जोडायचा, की ईसीयू आतली मेमरी सोडून तुमची चिप वाचायला लागतो. २७सी२५६ म्हणजे ३२ किलोबाइट. त्याच सॉकेटात दुप्पट मोठी २७सी५१२ बसवली तर दोन पूर्ण ट्यून मावतात. या मोठ्या चिपेचा एक नंबरचा पाय म्हणजे ए१५ ही वरची अॅड्रेस लाइन. तो पाय सॉकेटात न घालता वर वाकवायचा, दहा हजार ओहमच्या रोधाने पाच व्होल्टला बांधायचा, आणि तिथूनच एक वायर स्विचमधून अर्थला न्यायची. स्विच उघडा असला की चिपेचा वरचा अर्धा भाग वाचला जातो, बंद केला की खालचा. ईसीयूला यातलं काही कळतही नाही. त्याच्या दृष्टीने चिप ३२ किलोबाइटचीच असते.

मी असं पहिलं काम एका रॅलीच्या गाडीवर केलं. वर्कशॉपमध्ये सगळं छान चाललं. मोल्यावरून अनमोड घाटाच्या चढावर गेलो आणि तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन एकदम मेलं, चावी फिरवली की परत सुरू. तीनदा झालं. कारण शोधायला मला चार दिवस लागले आणि चूक सर्वस्वी माझी होती. एक तर स्विचची वायर मी साधी घेतली होती आणि ती इग्निशन कॉइलच्या वायरींच्या शेजारून डॅशपर्यंत नेली होती. ठिणगीच्या प्रत्येक झटक्याबरोबर त्या लाइनवर काटे उमटत होते. दुसरं, स्विचच्या आतल्या पितळी पट्टीवर हिरवट गंज धरला होता, जेमतेम दोन महिन्यांत. आमच्याकडची खारी दमट हवा उघड्या तांब्यापितळेला असंच करते. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं: दोन अर्ध्या भागांत मी वेगवेगळ्या आवृत्तीचे प्रोग्राम ठेवले होते. मॅपचे आकडे वेगळे असायला हरकत नव्हती, पण प्रोग्रामच वेगळा असला तर प्रोसेसर एका ओळीवर असताना त्याच्या पायाखालची जमीन बदलते. तो नको त्या जागी उडी मारतो आणि अडकतो. त्यानंतर मी दोन्ही भागांत तोच प्रोग्राम ठेवला, फक्त आकडे बदलले, शील्ड असलेली वायर घेतली, स्विच रबरी टोपीचा लावला. ती गाडी पुढे चार मोसम पळाली.

त्या चार दिवसांत मिळालेलं शिक्षण आजही लागू पडतं, कारण आजच्या ईसीयूतही तत्त्व तेच आहे. चिप वेगळी राहिलेली नाही, फ्लॅश मेमरी प्रोसेसरच्या पोटातच असते. बॉशच्या ईडीसी१७ आणि एमईडी१७ घराण्यात इन्फिनिऑनचा ट्रायकोर प्रोसेसर असतो. तिथे पाय वाकवायला जागा नाही. मग प्रोग्राममध्येच हात घालावा लागतो. मॅप कुठल्या पत्त्यावर आहे हे प्रोग्रामला एका पॉइंटरवरून, म्हणजे पत्त्याच्या नोंदीवरून कळतं. बदलायच्या मॅपांच्या प्रती फ्लॅशच्या रिकाम्या जागेत ठेवायच्या, आणि एक लहानसा कोड तयार करायचा. तो रॅममधला एक आकडा बघतो. आकडा एक असेल तर मूळ मॅपचा पत्ता देतो, दोन असेल तर दुसऱ्याचा. तो आकडा बदलण्यासाठी आणखी एक लहान तुकडा असतो, जो दर दहा-वीस मिलिसेकंदांनी क्रूझ कंट्रोलचं बटण दाबलंय का बघतो. शेवटी फाइल बरोबर आहे याची खूण असलेल्या सगळ्या चेकसम आणि सह्या नव्याने जुळवायच्या, नाही तर ईसीयू फाइल स्वीकारतच नाही.

म्हणजे तुमच्या प्रश्नातलं ‘डॅशवरचं बटण’ वेगळं लावायचीही गरज नाही. स्टिअरिंगवरची क्रूझची बटणं ईसीयूत आधीच पोचलेली असतात. गाडीला क्रूझ नसेल तर ब्रेक आणि अॅक्सिलरेटर ठरावीक क्रमाने दाबण्याची युक्ती वापरतात. कुठला मॅप चालू आहे हे कळायला काहीजण आरपीएमचा काटा हलवतात, पहिल्या मॅपला एक हजारवर, दुसऱ्याला दोन हजारवर, किंवा इंजिनचा दिवा तितक्या वेळा लुकलुकवतात. मला काटा जास्त आवडतो. दिवा लुकलुकण्याचा अर्थ ‘मिसफायर चालू आहे’ असा ड्रायव्हरच्या डोक्यात पक्का राहिला पाहिजे, त्यात दुसरा अर्थ मिसळू नये.

ईसीयू उघडावा लागेल का, हे त्याच्या आवृत्तीवर अवलंबून आहे. काही गाडीच्या ओबीडी (तपासणीच्या) पोर्टमधून वाचले-लिहिले जातात. ज्यांत ट्यूनिंगविरुद्धची कुलपं घातली आहेत ते टेबलावर उघडून बूट मोडमध्ये, म्हणजे प्रोसेसर थेट लिहू देतो त्या अवस्थेत, घ्यावे लागतात. उघडणं ही आमच्या हवेत गंभीर गोष्ट आहे. झाकण कारखान्यात डिंकासारख्या पट्टीने बंद केलेलं असतं, आणि ते परत कशाने चिकटवता यावर पुढची पाच वर्षं ठरतात. एकदा दुसरीकडे ट्यून करून आणलेली गाडी माझ्याकडे आली, पहिल्या पावसातच बंद पडली होती. झाकण उघडलं तर आंबट, व्हिनेगरसारखा वास. कोणीतरी बाथरूमला लावतात ते साधं सिलिकॉन लावलं होतं. ते सुकताना अॅसेटिक अॅसिड सोडतं आणि बोर्डावरचं तांबं खातं. पाणी शिरलं नव्हतं, सीलनेच आतून घात केला होता. न्यूट्रल क्युअर असं लिहिलेलंच सीलंट वापरायचं, जुना थर पूर्ण खरवडून, आणि चोवीस तास सुकू द्यायचं. ‘संध्याकाळी गाडी घेऊन जा’ असं कोणी म्हणाला तर घाई कुठे झाली ते समजा.

आणि फ्लॅश करताना वीज. जूनमधल्या एका वादळात लिहिणं सत्तर टक्क्यांवर असताना लाइट गेली, चार्जर बंद पडला, जुनी बॅटरी बसली. ईसीयू मेला. बूट मोडमधून तो परत आणता आला, पण त्या रात्री गिऱ्हाइकाला फोन करताना माझा आवाज कापत होता. तेव्हापासून लिहिताना स्थिर पुरवठा, साडेतेरा व्होल्टच्या आसपास, तोही इन्व्हर्टरवर. आणि काही करण्याआधी मूळ फाइल वाचून दोन ठिकाणी ठेवलेली. तुमची मूळ फाइल तुमच्याकडेही असली पाहिजे, पेन ड्राइव्हवर. ती द्यायला जो ट्यूनर का-कू करतो त्याच्याकडे गाडी सोडू नका.

इथवरचं यंत्राचं झालं. आता मॅपमध्ये काय बदलतो ते बघू, कारण इथेच बहुतेक गाड्या बिघडतात.

पेडल दाबलं की थ्रॉटल (हवेची झडप) उघडतो असं आपल्याला वाटतं. नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून बॉशचे पेट्रोल ईसीयू तसं करत नाहीत. पेडल ही फक्त मागणी आहे: मला इतके न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) हवा. ईसीयू त्या मागणीवरून किती हवा लागेल काढतो, हवेवरून बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) आणि थ्रॉटल ठरवतो, मग ठिणगी आणि पेट्रोल. वाटेत दहा ठिकाणी तो स्वतःला अडवतो: गिअरबॉक्सची मर्यादा, टर्बोची मर्यादा, एक्झॉस्टचं तापमान, नॉक (इंधनाचा अवेळी स्फोट). वर आणखी एक स्वतंत्र देखरेखीचा थर असतो. तो वेगळ्या वाटेने टॉर्क मोजतो आणि मागितल्यापेक्षा जास्त मिळतोय असं दिसलं तर थ्रॉटल पाडतो. ही सोय माणसाच्या जिवासाठी केलेली आहे. एखाद्याने मागणीचा मॅप वाढवला आणि देखरेखीचा मॅप तसाच ठेवला तर गाडी ऐन ओव्हरटेकिंगच्या वेळी लिंप मोडमध्ये जाते, ताकद एकदम कमी होते. मग तो ट्यूनर काय करतो? देखरेखच मोकळी सोडतो, सगळे आकडे कमाल करून टाकतो. दोष दिसेनासा होतो. उद्या पेडलचा सेन्सर बिघडून आपोआप वेग वाढला तर अडवायला कोणी उरत नाही. बदललेला मॅप आणि त्याच्यावरची देखरेख यांची जोडी असते. दोन ट्यून असतील तर देखरेखही दोन हव्यात, आणि बटणाबरोबर दोन्ही एकदम बदलल्या पाहिजेत. तुमच्या ट्यूनरला हाच एक प्रश्न विचारा. तो उत्तर कसं देतो त्यावरून त्याचं काम कळेल.

तुमच्या गाडीत याहून नाजूक जागा गिअरबॉक्सची आहे. पोलो जीटीची सात गिअरची डीएसजी म्हणजे डीक्यू२००, दोन सुके क्लच. तिची क्षमता २५० न्यूटन-मीटर. इंजिन कारखान्यातून १०५ पीएस आणि १७५ न्यूटन-मीटर देतं. कागदावर पंचाहत्तरची जागा दिसते आणि लोक ती भरून काढायला धावतात. पण क्लच किती जोराने दाबायचा हे गिअरबॉक्सचा संगणक इंजिनाच्या ईसीयूने सांगितलेल्या टॉर्कवरून ठरवतो. ईसीयूने २१० सांगितले आणि खरे २१० असले तर क्लच धरतो. १८० सांगितले आणि खरे २२० असले तर क्लच सैल दाबला जातो, घसरतो, तापतो. सुक्या क्लचला थंड करायला तेल नसतं. चोर्ल्याच्या वळणांवर, एसी लावून, ट्रकच्या मागे रांगत चढताना त्याची काय अवस्था होत असेल बघा.

म्हणूनच तुमच्या गाडीला पिगीबॅक बॉक्स नको असं मी म्हणेन. तो सेन्सर आणि ईसीयूच्या मध्ये बसतो, बूस्टचा सिग्नल खोटा करून कमी दाखवतो, आणि ईसीयू बिचारा बूस्ट वाढवत बसतो. बटणाची सोय त्यात सगळ्यात सोपी, काढून ठेवणंही सोपं, आणि डिझेल गाडीत मॅन्युअल गिअरबॉक्स असेल तर मी त्याला सरळ वाईट म्हणणार नाही. पण इथे ईसीयूला स्वतःचा टॉर्क किती हेच माहीत नसतं, तर तो डीएसजीला खरं काय सांगणार? रीमॅपमध्ये, म्हणजे ईसीयूतली फाइलच बदलताना, टॉर्कचं मॉडेल नीट जुळवलं तर तो खरं सांगू शकतो. मी तुमच्या गाडीला मोठ्या मॅपमध्येही २१०-२१५ च्या पुढे जाणार नाही, आणि तोही टॉर्क दोन हजार आरपीएमच्या खाली न देता थोडा वर सरकवून देईन. खाली दिलेला टॉर्क गाडी चालवताना फार गोड लागतो, पण सगळा मार क्लचला तिथेच बसतो.

आता पेट्रोल. दोन ट्यूनची मागणी पूर्वी मुख्यतः पेट्रोलमुळे यायची. पूर्वी साधं पेट्रोल ८८ रॉनचं (रॉन म्हणजे ऑक्टेनचा आकडा, नॉक रोखण्याची ताकद) होतं, नंतर ९१ झालं. ९५ किंवा त्याहून वरचं महागडं पेट्रोल भरलं तर ठिणगी थोडी आधी देता यायची, आणि ते न मिळाल्यास मूळ मॅपवर परत यायला स्विच हवा असायचा. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून साधंही सरकारी आकड्याप्रमाणे ९५ रॉनपर्यंत गेलं आहे. त्यामुळे निव्वळ ऑक्टेनसाठी दोन मॅप ठेवण्याचं कारण बरंच कमी झालं. त्याऐवजी दुसरी गोष्ट उभी राहिली. शुद्ध पेट्रोलला एका भागामागे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९. दहा टक्क्यांच्या मिश्रणावरून वीस टक्क्यांवर गेलं की तेवढ्याच हवेला साधारण चार टक्के जास्त इंधन टाकावं लागतं. धुरातला ऑक्सिजन मोजणारा लॅम्ब्डा सेन्सर ते भरून काढतो, पण मोठ्या मॅपमध्ये इंजेक्टर आणि उच्च दाबाचा पंप आधीच काठावर आणून ठेवला असेल तर भरून काढायला जागाच राहत नाही. गाडी २०२३ च्या आधीची असेल तर पाइप आणि सील वीस टक्क्यांसाठी बनवलेले आहेत का हा प्रश्न वेगळाच. ट्यून करण्याआधी तो आधी सोडवा.

शिवाय ईसीयू शिकत असतो. इंधन किती कमीजास्त पडतंय, कुठल्या सिलिंडरमध्ये नॉक येतो, हे तो लक्षात ठेवतो. तुम्ही बटण दाबून मॅप बदलला तरी ही आठवण बहुधा एकच राहते. आठवडाभर लहान मॅपवर शिकलेलं मोठ्या मॅपवर लागू होतं, आणि उलटही. दोन मॅपांमध्ये हवेच्या मोजमापाशी संबंधित आकडे मी कधीच वेगळे ठेवत नाही. फरक ठेवायचा तो मागणीत, मर्यादांत आणि ठिणगीत. पाया एकच असला की आठवणही दोन्हीकडे खरी ठरते. त्या अनमोडच्या चढावरचाच धडा हा, फक्त दुसऱ्या कपड्यांत.

आपल्या हवेचंही सांगतो. परदेशातून विकत घेतलेली तयार फाइल थंड देशात तपासलेली असते. मे महिन्यात दुपारी पर्वरीच्या सिग्नलवर दहा मिनिटं उभी राहिलेली गाडी घेऊन अटल सेतूवर चढताना मी इनटेकचं (आत जाणाऱ्या हवेचं) तापमान साठ अंशांच्या वर गेलेलं पाहिलं आहे. तिथे ईसीयू ठिणगी मागे घेतो, म्हणजे उशिरा देतो, आणि त्याने घ्यावीच. काही तयार फाइलींमध्ये हा गरम हवेचा बचाव सैल केलेला असतो, कारण डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) आकडा चांगला दिसतो. माझ्या मोठ्या मॅपमध्ये मी उलट करतो. इनटेक एका मर्यादेपुढे तापलं की बटण कुठेही असो, ईसीयू स्वतःच बूस्ट मूळ पातळीवर आणतो. ड्रायव्हरने लक्ष ठेवण्यावर हे सोडायचं नाही. घाटात ड्रायव्हरने रस्त्याकडे बघायचं असतं.

तर तुमच्यासाठी मी तीन मॅप सुचवेन. पहिला मूळ, कारखान्याचा, एकही आकडा न बदललेला. दुसरा वर सांगितलेला, २१० च्या आसपासचा, बंद आवारासाठी किंवा स्पर्धेसाठी. तिसरा भावासाठी: पेडल मऊ, आरपीएम तीन हजारवर थांबलेला, बूस्ट अगदी थोडा. या तिसऱ्याबद्दल थोडं जास्त. लोक त्याला गंमत समजतात. माझ्याकडे येणारे बापलोक मात्र हाच मॅप मागतात. गाडी हॉटेलच्या माणसाच्या हाती पार्क करायला द्यायची असते, मेस्त्रीकडे आठवडाभर राहणार असते, चवथीला आलेले भाचे चावी मागतात. पण तो इतकाही कमजोर करू नका की उड्डाणपुलावर चढताना मागचा ट्रक अंगावर येईल. एकाने वेग चाळीसवर बांधून मागितला होता, मी नाही म्हटलं. हमरस्त्यावर अचानक न पळणारी गाडी ही वेगात पळणाऱ्या गाडीइतकीच घातक असते. आणि पेडल पूर्ण दाबलं तर मूळ ताकद दहा सेकंद मिळेल अशी वाट मी ठेवतो.

मॅप बदलण्याची अट अशी ठेवतो: गाडी उभी, पाय ब्रेकवर, इंजिन आयडलवर, बटण तीन सेकंद दाबून धरलेलं. चालत्या गाडीत बदलण्याची सोय मी देत नाही. प्रोग्राम ते सहज करू शकतो, पण एका बोटाने चाळीस न्यूटन-मीटर वाढतात तेव्हा पावसाळ्यात साखळी गावाच्या पुढच्या लाल चिखलाच्या वळणावर चाकं सुटतात. आणि चावी बंद केली की गाडी परत पहिल्या मॅपवर. तिसरा मॅप मात्र याला अपवाद. तो चावी बंद केल्यावरही राहिला पाहिजे, आणि त्यातून बाहेर पडायचा क्रम वेगळा असला पाहिजे, नाही तर भावाला दोन दिवसांत बटण सापडेल.

कंपनीच्या वॉरंटीत गाडी असेल तर अजून थांबा. मूळ फाइल परत भरली म्हणजे काहीच कळणार नाही, असं कोणी सांगत असेल तर ते खरं नाही. किती वेळा लिहिलं गेलं याचं मोजमाप ईसीयूत राहतं, आणि फोक्सवॅगन समूहात असा बदल आढळला की गाडीच्या नोंदीवर टीडी१ असा शिक्का बसतो. तो तुम्हाला पुसता येत नाही.

एवढं वाचूनही मन तयार असेल तर पहिलं काम बटणाचं नाही. एअर फिल्टर उघडा. डिचोलीच्या रस्त्यांवर खनिजाच्या ट्रकांमागून रोज चालणाऱ्या गाडीचा फिल्टर मी विटेसारखा लाल पाहिलेला आहे, तोही कंपनीच्या वेळापत्रकाप्रमाणे ‘अजून चार महिने’ बाकी असताना. मालक ट्यून करायला आला होता. फिल्टर आणि प्लग बदलून दिले, गाडी पळाली, ट्यून न करता घरी गेला. प्लग काढाल तेव्हा चारही ओळीने मांडून त्यांचा रंग बघा. एक पांढरा आणि तीन बदामी असतील तर त्या एका सिलिंडरला इंधन कमी पडतंय. त्याच्यावर बूस्ट वाढवणं म्हणजे पिस्टन भाजून घेणं.

मग स्कॅनर लावून मूळ मॅपवर आठवडाभर नोंदी घ्या. साधा ब्लूटूथ स्कॅनर आणि फोन चालतो, पण नॉकमुळे ठिणगी किती मागे घेतली ते प्रत्येक सिलिंडरचं वेगळं दाखवणारं अॅप घ्या. सोबत कोणाला तरी बसवा, फोनकडे त्याने बघायचं. चोर्ल्याच्या पायथ्याच्या केरीपासून वर चढायला लागल्यावर, सकाळी एकदा आणि दुपारी एकदा, तोच पट्टा, तोच गिअर, वेगमर्यादेत. इनटेकचं तापमान, मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट, लॅम्ब्डा, आणि चारही सिलिंडरचा नॉक, एवढ्या नोंदी पुरतात. मूळ मॅपवरच एखादा सिलिंडर सतत तीन-चार अंश मागे जात असेल तर कार्बन, कॉइल किंवा इंजेक्टर यांपैकी काहीतरी आहे. ते काढल्याशिवाय मी फाइल उघडत नाही.

त्या नोंदी घेऊन या. पावसात घेतलेल्या नकोत, दमट थंड हवेत सगळे आकडे गोड दिसतात. चवथ झाल्यावर ऑक्टोबरचं ऊन पडतं, त्या दिवसांतल्या दुपारच्या घ्या. टाकी अर्ध्यापेक्षा जास्त भरलेली, गेल्या तीन वेळा एकाच पंपावरून भरलेली, आणि पावत्या ठेवलेल्या.